पंचमीचा रुपया

सोलापुरात खोली मिळणं अवघड नव्हतं हो. मिळालेली खोली पुढच्या वर्षी परवडणं, ते अवघड होतं. महिपतीला विचारा. केमहून आला, गिरणीत कापड विणायच्या साच्यावर लागला आणि पहिल्या चार वर्षांत त्यानं तीन घरं बदलली. भवानी पेठेतल्या मालकानं दहाचे पंधरा केले आणि वर म्हणाला, जमत नसेल तर गावाकडची वाट धरा. दुसऱ्यानं ऐन दिवाळीत पाच वाढवले. तिसऱ्यानं भाडं वाढवलं नाही, सरळ नळच तोडला. दर वेळी त्याची बायको रंभा डोक्यावर ट्रंक आणि काखेत पोरगी घेऊन त्याच्या मागं चालायची, आणि दर वेळी वाटेत तिचं एखादं तरी मडकं फुटायचं.

एकोणसत्तर साली दिवाळीच्या आधी बाळीवेशीतल्या बसलिंगप्पांच्या घरामागची खोली मिळाली, तेव्हा ही वणवण थांबली. बसलिंगप्पा भुईमुगाच्या शेंगांचे व्यापारी, जातीनं लिंगायत. घरात कानडी, दारात मराठी. खोली एकच, वर पत्रा. पण खाली शहाबादी फरशी आणि दारासमोर पाण्याचा हौद. महिना बारा रुपये. बोलणी महिपतीनं एकट्यानं केली, मालकांच्या बैठकीत बसून. बाहेर आला तो मिशीतल्या मिशीत हसत.

“रंभे, वर्साला एक रुपया वाढ. एक! लेखी झालंय.”

रंभाचा विश्वास बसेना. तिनं त्याला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळेला तो एकच म्हणाला.

पुढच्या नागपंचमीला गल्लीत कासार आला. बसलिंगप्पांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी, रंभाला हाक मारली, सोप्यात आपल्याशेजारी पाटावर बसवलं आणि तिच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरायला लावला. पैसे स्वतः दिले. “नन्न मगळू तू, माझी लेक. पंचमीला लेकीचे हात रिकामे ठेवायचे नसतात बा,” असं म्हणाल्या, आणि त्याच दमात म्हणाल्या, “भाड्याचा रुपया ह्या महिन्यापासून वाढव हं.” रंभाला रुपयाचं काही वाटलं नाही. तिची आई ती पाच वर्षांची असताना गेलेली, भाऊ भावजयीच्या मुठीत, पंचमीला तिला कुणी बोलावलेलं नाही. ती खोलीत येऊन चुडा छातीशी धरून रडली. त्या दिवसापासून ती गिरिजाबाईंना अव्वा, म्हणजे आई, म्हणू लागली.

आता माहेर म्हटल्यावर माहेरच्या कामाला नाही कसं म्हणायचं? गिरिजाबाईंची भांडेवाली दोन दिवस आली नाही, म्हणून रंभानं भांडी घासली. ती भांडेवाली पुढं कायमचीच आली नाही, आणि दुसरी बघायची गरज घरात कुणालाच वाटली नाही. मग धुणं आलं. मग अंगण, मग वापराचं पाणी, मग अव्वांचे पाय चेपणं. दुपारी शेंगा फोडणं. बाजारात बायका पोत्यामागं मजुरी घेऊन शेंगा फोडायच्या. रंभा सोप्यात बसून फुकट फोडायची आणि वर अव्वांची करमणूक करायची. अंगठ्याचं नख तिचं कायम काळं. फक्त स्वयंपाकघरात तिला जाता येत नसे. “आमच्यात चालत नाही बा, मनाला लावून घेऊ नको,” असं म्हणत गिरिजाबाई कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाहेर आणून द्यायच्या. कुठल्या आईनं लेकीला उंबऱ्याबाहेर जेवायला वाढलंय? पण माहेरासाठी हपापलेली बाई ती, तिला हे सांगणार कोण!

दर महिन्याला बसलिंगप्पा पावती लिहायचे. दुकानाचा कारभार कानडीत, म्हणून पावतीही कानडीत. खाली महिपतीनं सही करायची, अशी त्यांच्या घरची रीत. रंभाला मराठीही वाचता येत नव्हतं, तिला दोन्ही अक्षरं सारखीच. पावतीत काय लिहिलंय असं आईबापाच्या घरी कुणी विचारतं का? ती पावत्यांना हळदीकुंकू लावून देवाच्या फळीवर डब्यात ठेवायची.

गिरणीत महिपतीचा तोरा काय वर्णावा! दुपारच्या सुट्टीत लोक भाडेवाढीनं कावलेले असायचे आणि हा डबा सोडता सोडता म्हणायचा, “आमचं बघा. आठ वर्सांत आठ रुपये. बाराचे वीस.” साचेवाले त्याला विडी द्यायचे, चहा पाजायचे, आमच्यासाठी पण असलं घर बघ की म्हणायचे. “नशीब लागतं,” महिपती म्हणायचा. “आन् माणसं वळखायची नजर लागती.”

रंभाचं मात्र एकाच गोष्टीत ध्यान होतं. पोरगी. मालन एकुलती एक, मुलींच्या शाळेत दहावीला. तिच्या बाईंनी रंभाला शाळेत बोलावून सांगितलं होतं, ही पोरगी चांगले मार्क मिळवेल, डी.एड. करा, मास्तरीण होईल. रंभाच्या सात पिढ्यांत कुणी बाई शाळेच्या पायरीला लागली नव्हती. ती घरी आली ती हवेवर चालत. त्या दिवसापासून तिनं मालनला हौदावरचा तांब्यासुद्धा विसळू दिला नाही. “तू वाच. राख माझ्या हाताला हाय, ती तुझ्या हाताला लागू द्यायची न्हाय,” म्हणायची.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत गिरिजाबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. घरातली सून बाळंतपणाला अक्कलकोटला माहेरी गेलेली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने उठायचं नाही. चौथ्या दिवशी गिरिजाबाईंनी रंभाचा हात धरला.

“मालनला माझ्याजवळ राहू दे. दिवसरात्र कुणीतरी पाहिजे बघ. तुझा हात जड आहे, पोरीचा हलका.”

“अव्वा, पोरीची परीक्षा हाय की. मार्चात. झाली की लावून देते.”

“पोरीच्या जातीला कसली परीक्षा?”

“न्हाय अव्वा,” रंभा म्हणाली. आठ वर्षांत हा शब्द त्या घरात पहिल्यांदा तिच्या तोंडून निघाला होता, आणि तिचा तिलाच तो परका वाटला.

गिरिजाबाई रागावल्या नाहीत. तोंड भिंतीकडं केलं, इतकंच. संध्याकाळी बसलिंगप्पांनी महिपतीला बैठकीत बोलावलं आणि अगदी गोड शब्दांत सांगितलं, आम्हाला सोयीचं माणूस ठेवायचंय, महिन्याच्या आत खोली मोकळी करा.

महिपती घरात आला तो पेटलेला. “तुजं डोस्कं फिरलंय का? वीस रुपयांत ह्या सोलापुरात उंदराचं बीळ तरी मिळतंय का? म्हातारीपाशी बसायचं, तर पोरगी काय झिजती?”

“तिची दहावी जाईल.”

“जाऊ दे की! दहावी होऊन काय कलेक्टर व्हणार हाय? पुढल्या वर्सी दील.”

“पुढल्या वर्सी पुना कुणाचं तरी हाड मोडंल,” रंभा म्हणाली. “म्या दुसरी खोली बघते. माझी बोरमाळ हाय. ती मोडीन.”

“बघ,” महिपती म्हणाला. “दोन दिसांत पाय धरत येशील.”

रंभा निघाली. साखर पेठेत गेली, जोडभावी पेठेत गेली, लष्कर भागात गेली. कुठं पन्नास भाडं, कुठं साठ. वर पाचशे रुपये डिपॉझिट. अकरा महिन्यांचा कागद, आणि अकरा महिन्यांनी वाढ किती ते मालकाच्या मनावर. तेही ती मान्य करायला तयार होती. पण प्रत्येक जण एकच विचारायचा, आधीचं घर का सोडताय? भाडं किती होतं? ती भोळेपणानं खरं सांगायची, वीस रुपये, वर्षाला रुपया वाढ. मग समोरचा तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघायचा. असलं घर कोण सोडतं? काढून टाकलं असणार. चोरी केली असेल, नाहीतर भांडखोर असेल. एका बाईनं तर बोलता बोलता ओट्यावरचं पितळी भांडं उचलून आत नेलं. रंभानं ते पाहिलं. लाजेनं तिचे कान तापले.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार पेठेत गुरुबसप्पा भेटले. शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेले, चष्मा नाकावर, बोलणं सरळ. त्यांनी दहा प्रश्न विचारले नाहीत. म्हणाले, “पंचेचाळीस रुपये. डिपॉझिट दोनशे चालेल. आधीच्या मालकाच्या पावत्या आणा. भाडं वेळच्या वेळी भरलेलं दिसलं की माझं काम झालं.”

रंभा जवळजवळ पळतच घरी गेली. डबा फळीवरून काढला, पदराखाली घेतला आणि पळतच परत आली. तिला वाटलं, आठ वर्षांचं सोनंच आपण घेऊन चाललोय. एक महिना चुकलेला नाही!

गुरुबसप्पांनी हळदीनं पिवळी झालेली वरची पावती उलगडली. वाचली. दुसरी वाचली. मग तळातली एक काढून वाचली. चष्मा काढून पुसला.

“बाई, तुम्हाला कानडी येतं?”

“न्हाय जी. बोललेलं थोडं कळतं.”

“ही भाड्याची पावती नाही.” ते बोटानं अक्षरं दाखवत सावकाश मराठीत सांगू लागले. “‘आमच्या घरची मोलकरीण रंभाबाई हिला घरकामाच्या बदल्यात राहायला दिलेल्या खोलीचे दिवाबत्ती आणि पाण्याचे वीस रुपये पोचले.’ आकडा तेवढा बदलतो, बाकी प्रत्येक पावतीवर हेच आहे. पहिल्या महिन्यापासून.”

 रंभा म्हणाली, “दुसरी कुणी रंभा असंल.”

“खाली महिपती म्हणून सही आहे. तुमचे यजमान ना?”

तिनं मान हलवली.

“मोलकरणीला दिलेली खोली म्हणजे भाड्याची खोली नव्हे. त्यांनी उद्या सामान रस्त्यावर टाकलं, तरी कोर्टात तुम्हाला भाडेकरू म्हणून उभं करणार नाहीत. म्हणूनच असं लिहितात.” गुरुबसप्पांनी पावत्या नीट घडी घालून डब्यात ठेवल्या. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण माणूस शेवटी घरमालकच. “राग मानू नका. ज्यांनी आठ वर्षांत कुठं भाडंच भरलेलं नाही, त्यांना मी खोली कशी देऊ? मलाही म्हातारपण काढायचंय.”

रंभा डबा घेऊन रस्त्यावर आली. ऊन चढलं होतं. मोलकरीण. आठ वर्षं! बरं, मोलकरीण तर मोलकरीण, भांडी घासण्यात कमीपणा कसला? पण मोलकरणीला पगार असतो. मोलकरीण महिन्याला दोन दिवस दांडी मारते, कमी पैसे दिले तर तोंडावर बोलते आणि दुसरं घर धरते. हिनं माहेर म्हणून केलं होतं, अंगात ताप असताना केलं होतं. आणि वरून महिन्याला वीस रुपये तीच भरत होती. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली.

संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला. महिपती आला, हातपाय धुऊन चहाला बसला. रंभानं डबा त्याच्यापुढं ठेवला आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. तिला वाटलं, हा आता उसळेल, बैठकीत जाऊन तमाशा करील. ती त्याला आवरायच्या तयारीत होती.

महिपतीनं बशीतला चहा फुंकला. “मग? त्यात नवं काय?”

“तुमाला ठावं हुतं?”

“मालकांनी पैल्याच दिवशी वाचून दाखवलं हुतं की. बाई घरातलं काम करील, तर बारा रुपये आन् वर्साला रुपया. न्हायतर पंचवीस. म्या काय येडा हाय पंचवीस द्यायला?”

“आन् मला न्हाय सांगितलं.”

“सांगून काय झालं असतं? तू रडत केलं असतंस. आता हसत केलंस.” तो खरोखरच समजावत होता, आणि त्याला आपलं काही चुकलं असं अजिबात वाटत नव्हतं. “आगं, तुला माहेर मिळालं, मला घर मिळालं. कुणाचं वाईट झालं?”

 गिरणीत ज्या घराच्या नावावर हा विड्या ओढत होता, ते घर त्यानं शोधलेलं नव्हतंच. बायकोचे दोन हात त्या बैठकीत ठेवून तो बाहेर आला होता. आणि हसत आला होता, मेला!

ती उठली आणि पुढच्या घरात गेली. गिरिजाबाई खाटेवर पडून होत्या, अंगाला वास येत होता, तीन दिवसांत कुणी धड पुसलं नव्हतं. रंभानं घमेल्यात ऊन पाणी आणलं.

“आलीस? मालन कुठाय?” गिरिजाबाई म्हणाल्या.

“मालन येणार न्हाय. रातची म्या हितं निजते, दिवसा काम करून. परीक्षा संपंस्तोवर तिचं नाव काढायचं न्हाय, मालकीणबाई.”

“मालकीणबाई?”

“पावतीवर तसंच हाय की. मोलकरीण म्या हाय. पोरीचं नाव न्हाय त्यात.”

 गिरिजाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं, हीच तर खरी पंचाईत. “ते ह्यांनी लिहिलं ग. कोर्टकचेरी नको म्हणून. मी तुला लेकच मानलं. शिवाची आण! अव्वा म्हण की.”

“कूस बदला,” रंभा म्हणाली आणि त्यांची पाठ पुसू लागली. हात तिचा जड नव्हता. तो कधीच जड नव्हता.

बसलिंगप्पांनी खोली मोकळी करायचं पुन्हा काढलं नाही. महिनाभर रंभा खाटेखाली गोधडी टाकून निजली. रात्रीतून चारदा उठायची, पहाटे पाणी भरायची, दिवसा धुणीभांडी. तिचे डोळे आत गेले, पण मालननं सगळे पेपर दिले. भूमितीच्या पेपराला तर रंभा स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत गेली आणि सुटेपर्यंत उन्हात उभी राहिली. पोरगी हसत बाहेर आली. त्या एका हसण्यावर रंभानं मागची आठ वर्षं सोडून दिली असती. महिपतीला तर फारच बरं वाटलं. “बग, मिटलं का न्हाय? उगं गावभर हिंडलीस,” तो म्हणाला. ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

सुट्टी लागली तसं रंभानं मालनला सांगितलं, कानडी अक्षरं शीक. वर्गातली एक मैत्रीण गल्लीतच राहायची, तिच्याकडून मालन रोज दुपारी शिकायला लागली. पोरगी हुशार. पंधरा दिवसांत दुकानांच्या पाट्या वाचू लागली. एप्रिलच्या शेवटी रंभानं डबा तिच्यापुढं ठेवला.

“सगळ्यांत वरची वाच.”

मालन एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. “रं... भा... बा... ई. आई, हे तू.” पुढचे दोन शब्द तिला जमले नाहीत. मग बोट थांबलं. तिनं पुन्हा मागून वाचलं, ओठ हलवत.

“आई, इथं माझं नाव आहे.”

“नीट बघ.”

“नीटच बघितलं. मा, ल, न. ‘रंभाबाई आणि तिची मुलगी मालन.’ पुढं मोलकरीण. खाली बाबांची सही.”

“कुठल्या महिन्याची हाय?”

मालननं तारीख वाचली. एप्रिलची एक. खालच्या पावतीवरही तेच नाव, तारीख मार्चची एक. परीक्षेच्या आधीची. रंभा रोज रात्री त्या खाटेखाली निजत होती, तेव्हाची.

महिपती दारातच विडी ओढत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो वळून म्हणाला, “आगं, परीक्षा दिऊ दिली की तिला! आता निकाल लागंस्तोवर पोरगी रिकामीच. सून आली तरी बाळंतीण, तिला कोण बघणार? आन् फुकट न्हाय काय. मालकांनी यंदाच्या पंचमीचा रुपया सोडलाय.”

  रंभानं मालनच्या हातातल्या दोन्ही पावत्या घेतल्या, चार घड्या केल्या आणि चुलीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी महिपती पाळीला गेल्यावर ती साखर पेठेत आली. नागव्वा नावाच्या विधवेचे तिथं चार माग होते आणि मागाच्या खोलीला लागून एक अंधारी खोली होती. दिवसभर खटखटाट, भिंत हातानं धरली तर थरथरायची. मागासाठी सुताच्या कांड्या भरायला नागव्वाला बाई हवीच होती, रोजची रोज मजुरी.

“खोलीचे चाळीस,” नागव्वा म्हणाली. “कांड्यांची मजुरी वेगळी, ती मी हातात देणार. आणि आधीच सांगते बाई, दरवर्षी पाच वाढवते मी. मागून कटकट नको.”

“पाच तर पाच,” रंभा म्हणाली. “पावती मराठीत पायजे.”

“देते की. माणसं किती?”

“दोघी,” रंभा म्हणाली.